मोबाइलवरचा डॉक्टर कुणाकुणाला चालतो?

सासूबाईंचा खोकला हटेना आणि पावसापाण्याचं त्यांना तालुक्याला न्यायचं तरी कसं? आशाताई म्हणाल्या, "ई-संजीवनी उघडा की! घरबसल्या डॉक्टर भेटतो, तोही फुकट." फुकट म्हटल्यावर मला पहिली शंका आली, आपण त्यात बसतो का? आमचं रेशनकार्ड केशरी. पिवळंच लागत असलं तर? आयुष्मान कार्ड मागतील? मी कागदांची पिशवी घेऊनच बसले.

पिशवी उघडावीच लागली नाही. मोबाइल नंबर, ओटीपी, नाव, वय, पत्ता, तक्रार. की टोकन हातात. करोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, घरात अडकलेल्या रुग्णांसाठी केंद्र सरकारने ही ओपीडी सुरू केली. तिला उत्पन्नाची अट नाही.

डोकं चक्रावलं ते पुढे. डॉक्टरबाई स्क्रीनवर आल्या आणि म्हणाल्या, "पेशंट कुठे आहेत? त्यांना समोर बसवा. तुम्ही कोण?" मी सून. सासूबाईंना ऐकू कमी येतं, म्हणून त्यांनी सरळ मोबाइलला कान लावला. डॉक्टरबाईंना दिसली ती नुसती मोत्याची कुडी! मग मी मोठ्यानं प्रश्न सांगायचे, त्यांनी उत्तरं द्यायची, असं जमलं. ताप, कफ, धाप, आधीची औषधं, सगळं विचारून झालं.

बोलणं रंगात आलं तसे सासूबाईंनी झोपेच्या गोळ्याही मागून घेतल्या. "अल्प्राझोलाम व्हिडिओवरून लिहून देता येत नाही, आजी." अमली पदार्थविरोधी कायद्यात येणारी औषधं अशी देण्याला मनाई आहे. मी आठवीतल्या पुतण्याचं विचारलं. त्याच्या अंगावरचं पुरळ दाखवता येईल, पण सोळा वर्षांपर्यंतच्या मुलाजवळ मोठं माणूस हवं. दुबईच्या भाऊजींचं काय? मार्च २०२० मध्ये ठरलेले टेलिमेडिसिनचे नियम देशाबाहेरच्या सल्ल्याला लागू नाहीत, म्हणजे त्यांनी तिथलाच डॉक्टर गाठावा. देशात मात्र नोंदणीकृत डॉक्टर कुठल्याही राज्यातल्या रुग्णाला सल्ला देऊ शकतो.

शेवटी चिठ्ठी मोबाइलवर आली. वर एक ताकीद: खोकला थांबला नाही किंवा धाप लागली, तर छाती तपासायला प्रत्यक्ष जायचं. स्टेथोस्कोप काही व्हिडिओतून लागत नाही.

तेव्हा बायांनो, रेशनकार्डाचा रंग बघत बसू नका. बघायचं ते दुखणं. सर्दी-खोकला, पुरळ, बीपी-शुगरच्या चालू गोळ्या यांसाठी खुशाल टोकन घ्या; पेशंट शेजारी आणि जुन्या चिठ्ठ्या हाताशी ठेवा. छातीत कळ आली, श्वास कोंडला, माणूस शुद्धीवर नसला, तर मात्र टोकन विसरा आणि १०८ लावा.