गॅरेजमधली हातभट्टी

"आई, शनिवारी मित्र येतायत. गॅरेजमध्ये बीअर करायचा बेत आहे," असं चिरंजीवांनी सांगितलं आणि माझ्या डोळ्यांपुढे एकच शब्द उभा राहिला. हातभट्टी! पस्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, दर 2 ऑक्टोबरला पोरांकडून व्यसनमुक्तीच्या घोषणा पाठ करून घेतल्या, आणि आता माझ्याच मुलाच्या गॅरेजमध्ये भट्टी लागणार!

ही 2023 च्या सप्टेंबरातली गोष्ट. मी तेव्हा मुलाकडे अमेरिकेत, पोर्टलंडला होते. माझा चेहरा बघून तो हसला आणि मला कायदाच सांगायला लागला. 1978 साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे तिथे घरी बीअर करायला केंद्र सरकारची मोकळीक मिळाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला 100 गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर 200. विकायची मात्र नाही. आणि भट्टी लावून कडक दारू काढायची मुभा त्या कायद्याने दिलेली नाही.

"200 गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर की रे! एवढी पिणार कोण?"

"म्हणून तर मित्र लागतात, आई."

असो. शनिवारी सकाळी मंडळी जमली. एक दाढीवाले गृहस्थ, हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवणारे. म्हणजे माझे जातभाईच! एक कॉफीवेडा तरुण, जो पॉपकॉर्नच्या यंत्रात घरीच कॉफीच्या बिया भाजतो. एक उंच बाई, त्या बागकामवाल्या. आणि आमचे चिरंजीव. माझं इंग्रजी बेताचंच, पण मुलगा मधे दुभाष्या होता, आणि थट्टामस्करी कळायला भाषा फार लागत नाही.

पहिलं काम म्हणजे हॉप्स तोडणं. मागच्या अंगणात कुंपणाला दोर बांधून वेल चढवलेला होता. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच वळत जातो म्हणे, उलटा वळवला तर पुन्हा आपल्या मार्गाला लागतो. त्याला हिरवी, खवल्याखवल्यांची, हलकी बोंडं येतात. वेलात नर-मादी वेगळे असतात, बीअरला मादी वेलाचीच बोंडं लागतात. ("शेवटी कामाला बायकाच!" इति बागकामवाल्या बाई.) आम्ही गवार मोडायला बसावं तसे गोल करून बसलो. बोंड उकललं की आत पिवळी पूड असते, बोटांना चिकटते. वास संत्र्याच्या सालीचा, थोडा चिकाचा. जिभेला लावली तर कडूजहर! लहानपणी आई काडेचिराईत पाजायची त्याची आठवण झाली. हा वेल गांजाच्या कुळातला आहे, हे मला सगळी बोंडं तोडून झाल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी हात लावला नसता, हे ते ओळखून होते.

मग गॅरेजमध्ये मोठ्या पातेल्यात भरडलेलं माल्ट गरम पाण्यात घातलं. तासभर साधारण 67 अंशांवर ठेवायचं. वास आला आणि मी चमकले. अहो, हा तर नाचणी सत्वाचा वास! चौकशी केली तर काय, कृतीही तीच. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजायची, भरडायची. मी नातवंडांसाठी वर्षानुवर्षं केलं ते माल्टच की! मोड येताना धान्यात एन्झाइमं तयार होतात, ती पिठाची साखर करतात. पोळीचा घास खूप वेळ चावला की गोड लागतो, तिथे हेच काम आपली लाळ करते. हा प्रयोग आमच्या शाळेत विज्ञानाच्या बाई करून घ्यायच्या आणि मी शेजारच्या वर्गातून ऐकायचे.

त्या पाण्याचा एक चमचा मी चाखला. घाबरू नका मंडळी, त्यात यीस्ट पडेपर्यंत दारूचा थेंबही नसतो! गोड, दाट, सत्वासारखंच. पुढे त्यात हॉप्स घालून उकळतात. उकळल्यानेच हॉप्समधल्या आम्लांचं रूप पालटतं आणि कडवटपणा पाण्यात उतरतो.

ते उकळत असताना गप्पांना जो ऊत आला म्हणता! कॉफीवाला विरुद्ध हॉप्सवाले, "कोणाचा कडूपणा कुलीन" या विषयावर. कॉफीवाला मला म्हणाला, "तुम्ही बीअर पीत नाही, पण कॉफी पिता ना? मग आंबवलेलं तुम्हालाही चालतं." बऱ्याच ठिकाणी कॉफीच्या फळाचं साल काढलं की बी चिकट गरासकट काही तास आंबवतात, म्हणजे गर सुटून धुतला जातो. मी म्हटलं, "अरे, मी इडली खाते, आंबोळी खाते, रोज दह्याला विरजण लावते. माझं आंबवण्याशी भांडण नाहीच!" मग मी त्यांना आपली जायफळ-वेलदोड्याची दुधाळ कॉफी करून पाजली. कॉफीवाल्याने पहिला घोट घेतला, चेहऱ्यावर संकट आलं, दुसरा घेतला आणि गप्प झाला. "हे काळ्या बीअरमध्ये घालून बघू या का?" असं मास्तरांनी म्हणताच जायफळ किती यावर अर्धा तास! माझ्या कॉफीचा शेवट असा होईल असं कधी वाटलं नव्हतं.

मग निघाला इंडिया पेल एल. हिंदुस्थानापर्यंतच्या लांब प्रवासात बीअर टिकावी म्हणून इंग्रजांनी जास्त हॉप्सची ही बीअर शोधली, असं चिरंजीवांनी छाती फुगवून सांगितलं. बागकामवाल्या बाईंनी तिथेच पकडलं. उष्ण देशात जाणाऱ्या बीअरला हॉप्स जास्त घालावेत हा सल्ला 1760 च्या दशकापासूनचा आहे, पण कोणी एकाने खास हिंदुस्थानासाठी नवी बीअर शोधली ही दंतकथा. शिवाय काळी पोर्टर बीअरही बोटी भरभरून जायची आणि ती पोचायचीही! मी इतिहासाची बाई, मला कोण आनंद झाला. म्हटलं, "आमच्याकडून कापूस न्यायचा आणि बदल्यात कडू पाणी पाठवायचं, हा व्यापार मात्र खरा."

या मंडळींची एक गोष्ट मला फार आवडली. वाद झाला की कोणी आवाज चढवत नव्हतं. कोणीतरी म्हणायचं, "ठाऊक नाही बुवा. करून बघू?" बीअरची बाटली तपकिरी का असते, असं मी विचारलं. मास्तरांनी लगेच जुन्या बीअरचे दोन पेले भरले, एक उन्हात ठेवला, एक कपाटात. पंधरा मिनिटांनी मला दोन्ही हुंगायला दिले. उन्हातल्याला असा भपकारा की मी मागे सरले! उजेडाने हॉप्समधल्या कडू द्रव्यापासून गंधकाचं एक संयुग होतं, ते स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्यातल्या द्रव्याचं भावंड. तपकिरी काच तो उजेड बराचसा अडवते. एका हुंगण्यात धडा संपला.

मग मास्तरांनी मला गॉसेट यांची गोष्ट सांगितली. विल्यम गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस कंपनीतले रसायनतज्ज्ञ. मोजकेच नमुने हाताशी असताना त्यावरून खात्रीने काय म्हणता येईल, याचं गणित त्यांनी मांडलं आणि 1908 साली छापलं. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं ते 'स्टुडंट'. विद्यार्थी! आजही जगभर ते सूत्र त्याच नावाने शिकवतात. मला ते नाव दिवसभर पुरलं.

कदाचित त्यामुळेच, दुपारी सगळे जरा सैलावले असताना, माझ्या तोंडून तो प्रश्न निघाला. "तुम्ही घरी करता. मग यात विष नाही हे तुम्हाला कसं कळतं?"

मुलाने भाषांतर करण्याआधी माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आई पुन्हा घोषणांवर आली. पण मला खरोखर विचारायचं होतं. तो प्रश्न माझा नव्हताच. तो 1981 सालचा, कोल्हापूरकडच्या एका खेड्यातल्या, सहावीतल्या एका मुलाचा होता.

त्या वर्षी गावाबाहेरच्या वस्तीवर दारू पिऊन तीन माणसं गेली. त्यात या मुलाचे वडील. आधी त्यांना दिसेनासं झालं, दुसऱ्या दिवशी गेले. मुलाची आई गूळ सडवून दारू गाळायची आणि विकायची, सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याच आठवड्यात बाहेरून एक कॅनही आला होता आणि माणसांनी दोन्हीकडची प्यायली होती. पण कॅन कोणाचा ते कोणी विचारलं नाही. मडकी फुटली ती तिची. पंधरा दिवसांनी पोरगा शाळेत आला. शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसायचा. मी धडा शिकवत होते आणि त्याने हात वर केला.

"बाई, गूळ आणि पाणी लई दिवस ठेवलं, तर त्याचं आपोआप विष होतं का?"

मला उत्तर येत नव्हतं. येत नाही असं म्हणायची तेव्हा माझी तयारी नव्हती. वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "बाळा, दारू म्हणजे विषच." वर्गाने माना डोलावल्या. तो खाली बसला. वाक्य सुविचाराच्या फळ्यावर शोभेल असं होतं, पण त्याने सुविचार मागितला नव्हता. आपल्या आईने आपल्या बापाला मारलं का, एवढंच तो विचारत होता. आणि मी, न कळत, हो म्हटलं होतं. महिन्याभरात मायलेकरं तिच्या माहेरी निघून गेली.

गॅरेजमध्ये हे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत, बरंचसं मुलामार्फत सांगितलं. माझ्या मुलालाही हे ठाऊक नव्हतं. पातेल्याखालचा गॅस तेवढा आवाज करत होता.

मास्तरांनी एक खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसून, वर्गात समजावतात तसं सावकाश समजावलं. यीस्ट साखर खातं आणि इथेनॉल तयार करतं. जीव घेतं ते मिथेनॉल, तो वेगळा पदार्थ. फळांमध्ये पेक्टिन असतं, त्यातून ते थोडंसं उतरू शकतं, पण बार्लीत किंवा गुळात जवळजवळ नाहीच. पुष्कळ दिवस ठेवलं तर आंबट होईल, शिर्का होईल, मिथेनॉल होणार नाही. एकाच वेळी माणसं आंधळी होऊन मरतात तेव्हा कारखान्यात वापरायचं मिथेनॉल कोणीतरी त्यात मिसळलेलं असतं, कारण ते स्वस्त पडतं. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर घाव घालतं, म्हणून आधी नजर जाते. "वडिलांना दिसेनासं झालं म्हणालात ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मग गुळाने नव्हे," ते म्हणाले.

मग कोणीच काही बोललं नाही. थोड्या वेळाने बागकामवाल्या बाईंनी माझ्यासाठी कॉफी करून आणली. जायफळ घालून! प्रमाण चुकलं होतं, पण मी सगळी प्यायले.

गैरसमज नको. मी बीअर प्यायले नाही, पिणारही नाही. त्या वस्तीवरची कितीतरी घरं विष न मिसळलेल्या दारूनेही बसली, ती मी पाहिली आहेत. त्या माउलीचा धंदा चांगला होता असंही माझं म्हणणं नाही. पण दारू वाईट असणं ही एक गोष्ट आणि तिच्या मडक्याने माणसं मारली असणं ही दुसरी. पोराला या दोन्हींतला फरक हवा होता. फरक सांगणं हेच शिक्षकाचं काम, आणि तिथेच मी नापास झाले.

परवा मुलाचा फोन आला. जायफळाची काळी बीअर त्यांनी शेवटी केलीच. दोघांना आवडली, दोघांना नाही. "निकाल लागत नाही, नमुने कमी पडतायत," म्हणाला. मी म्हटलं, गॉसेटना विचारा!

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. कदाचित हे सगळं त्याला माझ्या आधी कळलंही असेल. तरी त्या गावचं, 1981 च्या सहावीचं कोणी हे वाचत असेल आणि त्याचा ठावठिकाणा माहीत असेल, तर एवढं त्याच्यापर्यंत पोचवा. बाईंना तेव्हा उत्तर येत नव्हतं. आता कळलंय. आपोआप होत नाही, बाळा. कोणीतरी मिसळतं.