कब्बन पार्कातील उन्हाळी शिबिर

नागपूरच्या उन्हातून बंगळूरास उतरलेल्या माणसाला पहिला दिलासा मिळतो तो हवेचा. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात एप्रिलची दुपार तापते खरी. परंतु सायंकाळी वळवाची एखादी सर येऊन जाते आणि कब्बन पार्कातील गुलमोहराचा सडा भिजून जातो. सन १८७० मध्ये रिचर्ड सँकी या अभियंत्याच्या आखणीतून ही बाग उभी राहिली. तिच्या कडेला उच्च न्यायालयाची तांबडी इमारत आहे, जुने ग्रंथालय आहे. आणि झाडांच्या सावलीत मुलांचे जवाहर बालभवन आहे.

या बालभवनात उन्हाळ्याच्या सुटीत शिबिरे भरतात. माझ्या बहिणीची नागपूरहून बंगळूरास बदली झाली, त्या वर्षी तिच्या दहा वर्षांच्या मुलीला तेथे पोचविण्याचे काम माझ्याकडे आले. मुलगी मूळची मोठी बोलकी. परंतु नव्या शहरात आल्यापासून तिने घराबाहेर तोंड उघडणेच सोडले होते. शेजारच्या मुली खेळावयास बोलावीत आणि ही आईच्या मागे लपे. नवी शाळा सुरू होण्यास महिनाच उरला होता. आई काळजीत होती.

बागेतील बालगाडीचे नाव ‘पुटाणी एक्सप्रेस’. कन्नडमध्ये पुटाणी म्हणजे चिमुकले. भाचीला मात्र फुटाणे आठवले आणि कित्येक दिवसांनी ती हसली.

पहिल्या दिवशी मी मातीकामाच्या वर्गापाशी थांबलो. शिक्षिकेने कन्नडमध्ये काही सांगितले, मुलगी गोंधळली, आणि मी पुढे सरसावलो. भाषांतर हा माझा पेशाच पडला! बाईंनी हसून हातानेच मला थांबविले. मातीचा गोळा मुलीपुढे ठेवला. शेजारच्या मुलाने वाडगे सरकवून म्हटले, “नीरु.” पाणी हे सांगावयास कोणाची गरज भासली नाही.

चौथ्या दिवशी तिच्या हत्तीची सोंड गळून पडली. पाणी फार झाले होते. तो मुलगा “साकु, साकु” म्हणून ओरडत होता. साकु म्हणजे पुरे, हे तिला सोंड पडल्यावर कळले. ती रडली, आणि मग तिने पुन्हा माती मळावयास घेतली. दुसऱ्या दिवशी एका लहान मुलीच्या वाडग्यावर हात धरून हीच “साकु” म्हणाली. ‘स्वल्प’ हा शब्द तर इकडे घरोघरी बोलला जातो हे कळल्यावर तिला वाटले, मराठी पुस्तकातलाच शब्द कोणी चोरून आणला!

निरनिराळ्या घरांतील मुले एकत्र आणावीत, ही कल्पना जुनी आहे. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर जे पहिले शिबिर भरविले, त्यात श्रीमंत शाळांतील मुलांबरोबर कष्टकऱ्यांची मुलेही होती. आपल्याकडे बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये चंद्रपूरकडील सोमनाथ येथे भर मे महिन्यात तरुणांच्या हाती कुदळी दिल्या. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे निर्णय, संवाद, ताणाशी सामना अशा दहा जीवनकौशल्यांची यादी केली. यादी उपयुक्त आहे. परंतु ती फळ्यावर लिहून शिकविता येत नाही. मोठ्या शहरांत हल्ली महागडी शिबिरेही निघाली आहेत. तेथे तासामागून तास आखलेले असतात आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. सोंड पडण्यास जेथे सवड नाही, तेथे मुलांना पाठविण्यापेक्षा आजोळी पाठवावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

शेवटच्या दिवशी भाचीने नवा हत्ती कागदात गुंडाळून घरी आणला. चप्पल काढण्यापूर्वीच ती शेजारच्या दाराशी गेली. आतून काही प्रश्न आला. तिने हत्ती वर धरून सांगितले, “आने.” आई लगबगीने मागे निघाली होती, मी हातानेच तिला थांबविले.