सारागोसाची पिलार

गोव्यात पणजीहून मडगावकडे जाताना पिलार गाव लागतं. १६१३ साली तिथल्या टेकडीवर ख्रिस्ती साधूंनी मठ स्थापन केला आणि स्पेनहून आणलेल्या मेरीमातेच्या मूर्तीवरून त्याला पिलार हे नाव पडलं. हे नाव मूळचं जिथलं, त्या सारागोसा शहरी गेल्या वर्षी ‘ह्यां’च्याबरोबर जाण्याचा योग आला.

सारागोसा एब्रो नदीच्या काठी आहे. पिलार म्हणजे खांब. आख्यायिका अशी, की इसवी सन ४० मध्ये येशूचा शिष्य सांतियागो इथे धर्मप्रसार करताना अगदी निराश झाला होता. तेव्हा दूर जेरुसलेममध्ये राहणारी मेरी त्याला एका खांबावर उभी दिसली आणि तिने त्याला धीर दिला. तो खांब आजही नदीकाठच्या भव्य चर्चमध्ये आहे. त्यावरची लाकडी मूर्ती अगदी लहान, जेमतेम दीड वितीची. खांबाला भरजरी वस्त्र पांघरतात आणि ते रोज बदलतात. महिन्याच्या २, १२ आणि २० तारखेला मात्र खांब उघडा असतो. मागच्या बाजूला दगडाचा थोडासा भाग दिसतो. भाविकांनी ओठ टेकवून टेकवून तिथे चक्क खळगा पडलाय!

या देवीवरून मुलीचं नाव ठेवतात मारिया देल पिलार. घरात हाक मारायची ती पिली किंवा पिलारिन. १२ ऑक्टोबरला या देवीचा सण असतो. चौकातली मूर्ती फुलांनी झाकून जाते आणि घरोघरच्या पिलारना त्या दिवशी शुभेच्छा मिळतात.

मला गंमत वाटली ती वेगळीच. त्यांच्या भाषेतही खांब हा शब्द आपल्यासारखाच पुल्लिंगी. पण नाव मात्र मुलींचं!

माझे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, “घराचा खांबच गेला हो!” आई कोपऱ्यात बसून ऐकायची. पुढे तिने शिवणकाम करून आम्हां तिघांची शिक्षणं केली, दोघींची लग्नं करून दिली. तिला मात्र कोणी कधी खांब म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

चर्चमध्ये मूर्तीच्या उंचीएवढ्या रंगीत फिती विकत मिळतात. लोक त्या रक्षणासाठी मोटारीत, नाहीतर बाळाच्या गाडीला बांधतात. आईसाठी मी एक निळी फीत आणली आणि नावाचा अर्थ सांगितला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पाहते तो फीत तिच्या शिवणयंत्राच्या खणाला बांधलेली! आता कोणी विचारलं की ती सगळी हकिगत सांगते. फक्त खांब हा शब्द जरा हळूच उच्चारते.