पेन माझ्याकडे होतं!

पब क्विझ ही मूळची इंग्लंडची भानगड. 1970 च्या दशकात तिथल्या पबांमध्ये तिने जोर धरला. आम्ही चौघी वीस वर्षांच्या, म्हणजे पबचं दार बंदच. त्यामुळे आपलं कॅफेतलं क्विझ आणि लिंबू-सोडा! एका टेबलाला एक कागद, एक पेन. पेन माझ्याकडे, कारण कॉन्व्हेंटवाल्यांचं स्पेलिंग चुकत नाही (म्हणे!).

सिनेमाच्या राऊंडवर आम्ही जोकर लावला होता, म्हणजे दुप्पट मार्क. शेवटचा प्रश्न : राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट? सिव्हिलच्या दोघी एका सुरात, "पथेर पांचाली!"

माझी बीडची रूममेट तोवर एक शब्द बोलली नव्हती. हळूच म्हणाली, "श्यामची आई."

"अगं, नॅशनल लेव्हलचं विचारतायत!" दोघी खेकसल्या. ती गप्प. हे गप्प होणं मला पाठ आहे. व्हायव्हाला येत असूनही ती अशीच गप्प बसते आणि मार्क घालवते. म्हणून विचारलं, "कशावरून गं?"

तर एका दमात, "अत्र्यांचा सिनेमा, 1953 चा. पदक 1954 ला. पथेर पांचाली आलाच 1955 ला, मग पहिला कसा?"

वेळ संपत आली होती. मी लिहून टाकलं. सिव्हिलने कपाळाला हात लावला.

उत्तर बरोबर निघालं तेव्हा ती ओरडली वगैरे नाही, पण सोड्याचा अख्खा ग्लास सांडला. आम्हांला दुसरं बक्षीस, फूड कूपन. तेही त्याच कॅफेचं!