औषधसाठा आणि अपरिग्रह

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चतुर्विध दानांपैकी औषधदान जैन समाजात पिढ्यान्‌पिढ्या सढळ हाताने होत आले आहे. दवाखान्याला देणगी, आरोग्य शिबिर, गरजूंना मोफत औषधे ही त्याची परिचित रूपे. परंतु दान देण्यासाठी औषध मुळात गावात असावे लागते, ही साधी गोष्ट कोल्हापूरला महापुराने शिकवली.

ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावरील 43 फुटांची धोका पातळी ओलांडून पंचगंगेचे पाणी 55 फुटांच्याही पुढे गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग बुडाला आणि मालाचे ट्रक कित्येक दिवस जागीच उभे राहिले. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच घडले. मंगळवार पेठ नदीपासून काहीशी दूर. पण मिरजकर तिकटीपासून खासबागेपर्यंतच्या दुकानांत औषध येते ते बहुतांशी त्याच महामार्गाने. भाजी मिळाली नाही तर घर चार दिवस निभावून नेते. इन्सुलिन किंवा अपस्माराची गोळी मात्र चार दिवस थांबत नाही. अशा वेळी महिन्याची औषधे मागणाऱ्याच्या हाती आठवड्याचीच ठेवावी लागतात. पुढच्या रुग्णासाठी काय उरते, हा हिशेब दुकानदाराला मनातल्या मनात करावा लागतो.

दोष दुकानदाराचा नाही. औषध कंपनीकडून पुणे-भिवंडीकडील गोदामात, तेथून शहरातील स्टॉकिस्टकडे आणि मग दुकानात येते. सकाळी मागवलेला माल संध्याकाळी मिळत असेल, तर अधिक माल भरून पैसा कोण अडकवील? 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात किरकोळ विक्रेत्याचा नफा 16 टक्के धरला आहे. त्यातूनच भाडे, पगार, व्याज भागवायचे. शिवाय औषधाला मुदत असते आणि इन्सुलिनला 2 ते 8 अंश तापमान लागते. म्हणून साठा आटत गेला. रोजच्या व्यवहारात हे शहाणपण ठरते. रस्ता बंद झाला की तेच संकट होते.

व्यापारी कुटुंबांना यावरचा उपाय नवा नाही. पावसाळ्यापूर्वी वर्षाचे धान्य भरणारी ही घरे. तीच रीत औषधांना लावता येईल. डॉक्टरांनी अत्यावश्यक औषधांची छोटी यादी करावी. कुटुंबांनी मिळून निधी उभारावा आणि परवानाधारक स्टॉकिस्टकडे मे अखेरीस पंधरा दिवसांचा जादा साठा ठेवावा. ज्याची मुदत आधी संपते ते आधी विकावे, त्याजागी नवे भरावे. म्हणजे काही वाया जात नाही. मुद्दल विक्रीतून परत येते. खर्च उरतो तो मुख्यतः व्याजाचा. वीस लाखांचा साठा चार महिने ठेवला आणि व्याज वार्षिक 10 टक्के धरले, तर ती रक्कम सुमारे 67 हजार होते. एखाद्या लग्नातील मंडपाच्या खर्चापुढे ती काहीच नाही.

साठा ही पहिली पायरी. निर्मिती ही दुसरी. मार्च 2020 मध्ये चीनकडील पुरवठा विस्कळीत झाल्यावर पॅरासिटामॉलसह 26 औषधद्रव्ये व औषधांच्या निर्यातीवर केंद्र सरकारला निर्बंध घालावे लागले. जगाला औषधे पुरवणारा देश कच्च्या मालासाठी परावलंबी आहे, हे तेव्हा सर्वांना दिसले. कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योगाने सुटे भाग दूरवर पोहोचवले. ते एका कारखान्याचे यश नव्हते. साचे, यंत्रकाम, तपासणी यांची साखळी शेजारीशेजारी उभी राहिली, म्हणून ते साधले. औषधनिर्मितीलाही तेच लागू पडते. औषध कायद्यातील सुधारित ‘शेड्यूल एम’ने शुद्ध हवा, पाणी आणि गुणवत्ता तपासणीचे निकष कडक केले आहेत आणि ते योग्यच आहे. पण लहान कारखान्याला स्वतःची सुसज्ज प्रयोगशाळा परवडत नाही. सामायिक सुविधांसाठी साहाय्य देणारी 500 कोटींची योजना केंद्राने 2022 साली आणली, ती याच अडचणीसाठी. अशा साहाय्यातून कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीत सामायिक प्रयोगशाळा उभी राहिली, तर औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या येथील मुलामुलींना पुण्या-मुंबईची वाट धरावी लागणार नाही. प्राणिजन्य जिलेटिनऐवजी वनस्पतिजन्य सेल्युलोजच्या कॅप्सूल वापरण्याचा निर्णयही कारखाना आपला असेल तर आपल्या हाती राहील.

येथे एक शंका येईल. अपरिग्रहाचे व्रत मानणाऱ्यांनी साठ्याचा आग्रह धरावा काय? परिग्रहाचे मूळ वस्तूत नसून आसक्तीत आहे. भाव वाढावा म्हणून दडवलेला माल हा परिग्रह. शेजाऱ्याचा श्वास चालू राहावा म्हणून राखलेला माल ही सेवा. दोन्ही गोदामे बाहेरून सारखीच दिसतात. फरक एवढाच, की एकाचा मालक टंचाईची वाट पाहतो आणि दुसऱ्याचा मालक ती येऊ नये म्हणून झटतो. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी मंगळवार पेठेत दुसऱ्या प्रकारचे एक गोदाम उभे राहिले, तर औषधदानाची परंपरा एक पाऊल पुढे जाईल.