शिवलेले जहाज, चिकटवलेले जहाज

१/ हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. कयाधूचे पाणी पैनगंगा, गोदावरी अशी मजल करीत बंगालच्या उपसागरास मिळते. तरीही भारतीय जहाजबांधणीचा एक मोलाचा पुरावा याच मराठवाड्यात आहे : अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यातील तीन डोलकाठ्यांचे जहाज.

२/ गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी नौदलासाठी ‘म्हादेई’ बांधली. लाकडी गाभा, त्यावर फायबरग्लासचे आवरण. लाकडास पाणी लागू नये, सांगाडा ताठ राहावा, हे तिचे तत्त्व. याच नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय.

३/ पुढे होडी इनोव्हेशन्सने अजिंठ्याच्या चित्रावरून ‘कौंडिण्य’ उभारले. येथे खिळा नाही. बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली केरळच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. तत्त्व नेमके उलटे : लाकूड भिजून फुगते, सांधे आवळले जातात आणि लाटेच्या माराने सांगाडा किंचित लवतो. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल झाले.

४/ चित्राने आकार जपला. टाका कसा घालावा, हे चित्र सांगू शकत नव्हते. जुना आराखडा उरला नव्हता, उरले होते ते कारागिरांचे हात. ‘म्हादेई’ कागदावरील आकड्यांवरून पुन्हा बांधता येईल. शिवण मात्र शिकणारा नसेल, तर एका पिढीत संपेल. भिंतीवरचा रंग सुमारे दीड हजार वर्षे टिकला. हातातली विद्या तितकी टिकवायची, तर प्रत्येक पिढीला एक जहाज शिवावेच लागेल.