मागची सीट

वडिलांनी १९८२ साली घेतलेल्या बुलेटला दोन सुट्या सीट होत्या. मागच्या सीटवर आई एका बाजूला पाय सोडून बसायची. पदर चाकात जाऊ नये म्हणून डावीकडे साडीगार्ड. मी टाकीवर बसून तिच्यावरच्या सोनेरी रेघांवरून बोट फिरवायचो. मद्रासच्या कारखान्यात त्या हातानं ओढतात, हे वडील पाहुण्यांना अभिमानानं सांगत.

नोकरी लागली तशी गाडी माझ्याकडे आली. तेव्हा चॉपरची हवा होती. 'ईझी रायडर' या १९६९ च्या सिनेमातल्या गाडीसारखं उंच हँडल मी बसवलं, मागचा मडगार्ड कापला, साडीगार्ड भंगारात गेला. पुढे २०१३ मध्ये काँटिनेंटल जीटी ही गाडी बाजारात आली आणि ज्याच्या त्याच्या तोंडी कॅफे रेसर झाला. मीही हँडल खाली आणलं, मागच्या सीटच्या जागी फायबरचा उंचवटा बसवला. गाडी देखणी दिसायची, हे आजही म्हणेन.

या प्रत्येक घाटामागे कुणाची तरी निकड होती. अमेरिकेतल्या पोरांनी वजन घटवायला मडगार्ड छाटले, त्यातून बॉबर आला. लंडनच्या एस कॅफेवर जमणारी साठच्या दशकातली पोरं वारा कापायला टाकीवर ओणवी होत. त्यांना एकट्यानं सुसाट जायचं होतं, म्हणून एकच सीट. मी त्यांचा घाट उचलला. माझी निकड काय, हे स्वतःला विचारलंच नाही.

ते आईनं विचारलं. डोळ्यांच्या तपासणीला निघालो होतो. गाडीभोवती एक फेरी मारून ती म्हणाली, "अरे, मी बसू कुठं?" त्या दिवशी आम्ही रिक्षानं गेलो.

नंतर कळलं, मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारं गार्ड हवंच, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. आईच्या पदराची काळजी नियमानं केली होती, मी नाही.

मिस्त्रींनी जुन्या बाजारातून सीट, मडगार्ड, साडीगार्ड शोधून आणलं. रंगाऱ्यानं टाकीवर रेघा पुन्हा हातानं ओढल्या. आईनं पदर खोचला, एका बाजूनं बसली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी उजव्या पायानं पहिला गिअर उचलला आणि क्लच अगदी हळू सोडला, वडील सोडायचे तसा.